आडात जे असेल, तेच पोहऱ्यात येणार
(आखाताचा समुद्र, त्याचे प्रदूषण आणि आपले पिण्याचे पाणी)



मागे एकदा मंडळाच्या मराठी वर्गात मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता, "आपल्या घरात पिण्याचे पाणी कुठून येते?" पहिले उत्तर आले, "नळातून." दुसरे आले, "सुपरमार्केटमधून." मराठीचे पुस्तक मन लावून वाचणाऱ्या एका मुलीने सांगितले, "नदीवर धरण असते, तिथून." उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर, पण संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी नदी एकही नाही. "समुद्रातून" हे उत्तर कोणीच दिले नाही. आणि खरे सांगायचे तर वर्गाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या आम्हा पालकांपैकीही अनेकांना ते पटकन सुचले नाही.

समुद्राच्या प्रदूषणावर आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेले असते. कासवाच्या नाकातली नळी, तेलाने माखलेला पक्षी अशी चित्रे बघून हळहळतो आणि पान उलटतो. कारण समुद्र म्हणजे फिरायला जायची जागा, असे आपल्या मनात बसलेले आहे. आखातात राहणाऱ्यांसाठी मात्र समुद्र ही पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. गावाकडे विहिरीच्या काठावर कोणी कपडे धुवायला बसले तर आजी काय म्हणायची ते आठवा. तोच नियम या मोठ्या विहिरीला लावायचा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. पण त्यासाठी ही विहीर आहे कशी आणि ती घाण कशाने होते, हे आधी समजून घेऊ.

समुद्र ते नळ

आखाती देशांत पूर्वीही पाण्याची ओढाताण होतीच. कुवेतमध्ये १९५० च्या आधी शत अल-अरब नदीचे पाणी होड्यांमधून आणून विकले जात असे. बहारीनच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून त्यांचे पाणी कातडी पखालींत भरून आणत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलाचा पैसा आला आणि खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे कारखाने उभे राहिले.

हे काम मुख्यतः दोन पद्धतींनी होते. जुनी पद्धत वाफेची. समुद्राचे पाणी तापवून कमी दाबाच्या खोल्यांमधून नेतात. दाब कमी झाला की त्याची झटकन वाफ होते, ती थंड करून गोडे पाणी मिळते. नवी पद्धत आपल्या घरच्या आरओ यंत्रासारखी. पाणी अतिशय बारीक पडद्यातून जोराने ढकलतात, मीठ मागे राहते. हा जोर गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या साधारण पंचवीस-तीस पट असतो. अबुधाबीजवळ तवीला येथे या पद्धतीचा एक प्रचंड कारखाना आहे. त्याची क्षमता दिवसाला सुमारे ९० कोटी लिटर आहे.

या कारखान्यांमधून येणारे पाणी तपासूनच पुढे सोडतात, तेव्हा नळाच्या पाण्याबद्दल कोणी घाबरून जाऊ नये. धोका वेगळाच आहे. समुद्रात तेल पसरले किंवा शेवाळ माजले तर पडदे तुंबतात, तेलाचे काही घटक वाफेबरोबर पुढे येऊ शकतात, आणि म्हणून कारखान्याला पाणी खेचण्याचे तोंडच बंद करावे लागते. म्हणजे विहीर घाण झाली तर पेल्यात विष येईल असे नव्हे, पेला रिकामा राहील. ही भीती सरकारांनाही आहे. अबुधाबीने लिवाच्या वाळवंटात जमिनीखाली गोड्या पाण्याचा मोठा साठा करून ठेवला आहे. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला हा साठा सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटरचा आहे आणि अडचणीच्या वेळी १० लाख लोकांना ९० दिवस पाणी पुरवता यावे असा त्याचा हिशेब आहे. तीन महिन्यांची बेगमी म्हणा ना!

उथळ, उष्ण आणि बंदिस्त

नकाशात आखात मोठे दिसते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून थोडे अधिकच. पण त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर आहे. म्हणजे दहा-बारा मजली इमारत सरासरी खोलीच्या ठिकाणी उभी केली, तर तिची गच्ची पाण्याला टेकेल. आपल्या अल नाहदातल्या किंवा बर दुबईतल्या कितीतरी इमारती त्याहून उंच आहेत. समुद्रांच्या मानाने हे पाणी परातीतल्या पाण्यासारखे पातळ पसरलेले आहे.

वरून ऊन, खालून उथळ तळ. त्यामुळे उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी ३२ अंशांच्याही पुढे तापते आणि वाफ होऊन प्रचंड पाणी उडून जाते. नद्यांचे पाणी येते ते मुख्यतः वरच्या टोकाला, तैग्रिस, युफ्रेटिस आणि कारून या नद्यांचे. त्यांच्यावरही धरणे झाल्यामुळे ते कमी झाले आहे. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, इथे ते ४० ग्रॅमच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त असते.

या परातीला बाहेर जायला एकच तोंड आहे, होर्मुझची सामुद्रधुनी. तिथून बाहेरचे हलके पाणी वरून आत येते आणि आतले खारट, जड पाणी तळाने बाहेर पडते. सगळे पाणी बदलायला अशा रीतीने तीन ते पाच वर्षे लागतात असे मानले जाते. म्हणून इथे टाकलेली घाण लवकर "वाहून" जात नाही, मुक्काम करते.

आणि बाहेर पडणारे पाणी जाते कुठे? ओमानच्या आखातातून आपल्याच अरबी समुद्रात. तिथे साधारण २०० ते ३०० मीटर खोलीवर हे खारट पाणी शास्त्रज्ञांना वेगळे ओळखू येते. आपण इथे ज्या समुद्राच्या काठी राहतो, तोच पुढे रत्नागिरी-मालवणच्या समुद्राला मिळतो. माहेरच्या विहिरीला सासरच्या विहिरीचा झरा लागावा, तसे हे नाते आहे.

घाण येते कुठून?

१) तेल. आखात म्हटले की आधी तेल आठवते. जगाच्या तेलव्यापाराचा मोठा वाटा कित्येक दशके याच अरुंद वाटेने गेला आहे. सर्वांत मोठा घाला पडला तो युद्धात. जानेवारी १९९१ मध्ये कुवेतच्या किनाऱ्यावरून इराकी सैन्याने मुद्दाम तेल समुद्रात सोडले. किती सोडले याचे अंदाज ४० लाखांपासून १ कोटी १० लाख पिंपांपर्यंत आहेत, आणि एका पिंपात १५९ लिटर तेल असते. सौदी अरेबियाचा शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला आणि हजारो समुद्रपक्षी मेले. जुबैलच्या पाणी कारखान्याच्या तोंडाशी तरंगते अडथळे बांधून तो वाचवावा लागला, कारण त्यावर राजधानी रियाधची तहान अवलंबून होती. दहा-बारा वर्षांनी तिथल्या खाजणांत खोदून पाहिले, तर चिखलाखाली तेल तसेच होते.

पण अशा मोठ्या घटना क्वचित घडतात. रोजची घाण लहान लहान असते. जहाजाच्या इंजिनाखाली साठणारे तेलकट पाणी किंवा टाक्या धुतल्याचे पाणी गुपचूप समुद्रात सोडले जाते. तेलाचा हलका भाग उडून जातो, जड भाग गोळा होऊन किनाऱ्याला लागतो. फुजैराच्या किनाऱ्यावर पायाला चिकटणारे काळे डांबरगोळे अनेकांनी पाहिले असतील. पावसाळ्यात जुहूला आणि गोव्यात दिसतात ते याच जातीचे. मुंबईकरांना ७ ऑगस्ट २०१० हा दिवसही आठवत असेल. त्या दिवशी मुंबई बंदराबाहेर "एमएससी चित्रा" आणि "खलिजिया ३" या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडले आणि त्याची झळ रायगड-नवी मुंबईकडच्या खारफुटीला लागली.

२) सांडपाणी. शहराचे मैलापाणी शुद्ध न करता समुद्रात गेले, की त्यातला नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचे खत ठरते. शेवाळ अतोनात माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. काही सूक्ष्म वनस्पतींच्या अशा माजण्याने पाणी तांबूस दिसते, त्याला "लाल भरती" म्हणतात. २००८ च्या उन्हाळ्यात ओमानच्या आखाताच्या बाजूने अशी लाल भरती सुरू झाली, होर्मुझ ओलांडून आत आली आणि २००९ पर्यंत, आठ महिन्यांहून अधिक काळ राहिली. मासे आणि प्रवाळ मेले, मच्छीमारांचा धंदा बसला आणि काही पाणी कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. विहिरीचा मुद्दा तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळला. कारणांमध्ये खताचे आणि मैल्याचे घटक तर होतेच, शिवाय हा जीव जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून आला असावा, अशीही शंका घेतली गेली. बॅलास्ट म्हणजे रिकामे जहाज डोलू नये म्हणून टाक्यांमध्ये भरून घेतलेले समुद्राचे पाणी. एका समुद्रात भरतात, दुसऱ्या समुद्रात ओततात, आणि त्याबरोबर परके जीव फुकट प्रवास करतात.

त्याच सुमारास दुबईत आणखी एक प्रकार उघडकीला आला. सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या टँकरांची शुद्धीकरण केंद्रापुढे तासन् तास रांग लागत असे. फेरीमागे पैसे मिळवणारे काही चालक कंटाळून मैला रात्री पावसाळी गटारात ओतू लागले. पावसाळी गटार थेट समुद्रात जाते, मध्ये कोणतीही गाळणी नसते. जुमेराच्या किनाऱ्यावर दुर्गंधी पसरली, तेव्हा आरडाओरड झाली. दंड वाढला, आणि पुढे जबल अलीला नवे मोठे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. या गोष्टीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

३) मिठवणी. गोडे पाणी काढून घेतल्यावर उरते ते अधिक खारट पाणी, म्हणजे मिठवणी. जगभरच्या सरासरीने १ लिटर गोड्या पाण्यामागे सुमारे दीड लिटर मिठवणी तयार होते आणि ती बहुधा परत समुद्रातच सोडतात. वाफेच्या कारखान्यांची मिठवणी गरमही असते, शिवाय तिच्यात नळ तुंबू नयेत म्हणून घातलेली रसायने असतात. जड असल्यामुळे ती तळाशी बसते, आणि नेमके तिथेच समुद्रगवत, प्रवाळ आणि लहान जीव राहतात. ही घाण इतर कोणाची नाही, आपल्या प्रत्येकाच्या आंघोळीची आहे.

४) प्लॅस्टिक. शारजाच्या पूर्व किनाऱ्यावर मेलेल्या सापडलेल्या कासवांची पोटे शास्त्रज्ञांनी तपासली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हिरव्या कासवांपैकी ७५ टक्के कासवांच्या पोटात पिशव्या, झाकणे, दोऱ्या असा कचरा निघाला. प्लॅस्टिक कुजत नाही. ते उन्हाने ठिसूळ होऊन बारीक बारीक होत जाते आणि माशांमार्फत परत आपल्या ताटात येऊ शकते. यात मासेमारीचे सामानही येते. इथे "गरगूर" नावाचा तारेचा, घुमटासारखा पिंजरा मासे पकडायला वापरतात. त्याची दोरी तुटली की तो तळाशी पडून वर्षानुवर्षे मासे पकडत राहतो, ते काढायला कोणी येत नाही.

५) भराव आणि बांधकाम. समुद्रात बेटे बांधताना तळ उपसतात. त्या गाळाने पाणी गढूळ होते, प्रवाळावर आणि समुद्रगवतावर थर बसतो. अबुधाबीच्या पाण्यात सुमारे ३००० समुद्रगायी आहेत. ऑस्ट्रेलियानंतर एवढ्या संख्येने त्या इथेच राहतात, आणि त्यांचे जेवण हे गवतच.

बंदी आणि जागा

एवढे वाचून निराश व्हायचे कारण नाही, कारण उपायही झाले आहेत. १९७८ मध्ये आखाताच्या काठच्या आठही देशांनी कुवेत येथे समुद्ररक्षणाचा करार केला. इराण आणि इराक हे दोघेही त्यात होते. दोनच वर्षांत त्यांचे युद्ध पेटले, पण करार टिकला. तेलगळतीच्या वेळी सगळ्यांना हाक देणारे त्याचे केंद्र १९८२ पासून बहारीनमध्ये आहे.

जहाजांच्या कायद्याची कथा अधिक बोधप्रद आहे. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला मार्पोल म्हणतात, आखाताला "विशेष क्षेत्र" ठरवले होते. तिथे तेलकट पाणी टाकण्यावर कडक बंधने यायची होती. ती प्रत्यक्षात लागू झाली १ ऑगस्ट २००८ ला. पस्तीस वर्षे का लागली? कारण अट अशी होती, की बंदरांनी आधी जहाजांची घाण उतरवून घेण्याची सोय करायची. सोय नाही, तोवर बंदी नाही. बॅलास्ट पाण्याचा करारही २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ ला अमलात आला.

आता त्या टँकरवाल्यांची रांग आठवा. जहाज असो वा टँकर, घाण टाकायला योग्य जागा जवळ नसली, की माणूस ती समुद्रात टाकतो. दुष्टपणाने टाकणारे थोडे, सोय नाही म्हणून टाकणारे पुष्कळ. गावाकडची विहीर स्वच्छ राहायची ती केवळ आजीच्या ओरडण्याने नव्हे. धुण्याचा दगड वेगळा, गुरांचा हौद वेगळा, अशी व्यवस्था होती म्हणून. बंदीबरोबर जागा द्यावी लागते.

पिशव्यांचेही तसेच. ओमानने २०२१ पासून आणि अबुधाबीने १ जून २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली. दुबईने आधी जुलै २०२२ पासून पिशवीला २५ फिल्स लावले आणि २०२४ मध्ये बंदी केली. त्याच २०२२ मध्ये "दुबई कॅन" या उपक्रमात बाटली फुकट भरून घेण्यासाठी जागोजागी पाण्याची यंत्रे बसवली. आधी सोय आणि सवय, मग बंदी, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि मखर करणाऱ्यांनी कागद, कापड, बांबू शोधून काढले.

आपण काय करू शकतो?

आपण काही तेलवाहू जहाजे चालवत नाही. पण आपल्या घरातून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा आपल्या हातात आहेत. त्या अशा :

• तळणीचे तेल सिंकमध्ये ओतू नका. ते नळीत गोठते, नळी तुंबते आणि मैलापाणी भलत्या वाटेने बाहेर येते. उरलेले तेल गार करून डब्यात साठवा. अशा तेलापासून इंधन बनवणारे ते गोळा करून नेतात.

• पार्किंगमधल्या किंवा रस्त्यावरच्या जाळीच्या गटारात गाडीचे तेल, रंग, फरशी धुतलेले साबणपाणी टाकू नका. ते गटार म्हणजे समुद्राचा नळच समजा.

• पाणी जपून वापरा. इथे हा केवळ बिलाचा प्रश्न नाही. वाचवलेल्या प्रत्येक लिटरमागे मिठवणी कमी होते आणि इंधनही वाचते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बाल्कनीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला घाला.

• घरातून निघताना बाटली भरून घ्या. इथे तयार होणाऱ्या काही बाटलीबंद पाण्याचा उगमही समुद्रच असतो. समुद्राचे पाणी पिऊन बाटली समुद्रालाच परत करणे, हा कसला व्यवहार!

• गणपतीची मूर्ती शाडूची आणि लहान आणा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही आणि त्यावरचे रंग पाण्यात उतरतात. आपल्यापैकी कित्येक घरी बादलीत विसर्जन करतात आणि माती कुंडीत घालतात. दुसऱ्या वर्षी त्याच कुंडीत दूर्वा लावल्या, तर बाप्पा घरातच राहिल्यासारखे वाटते. निर्माल्यही कुंडीतच जाऊ द्या.

• किनाऱ्यावर सहलीला गेलात, तर नेलेले सगळे परत आणा. गळाची दोरी दिसली तर ती आधी उचला. पिशवीपेक्षा ती जास्त घातक असते.

मंडळापुरते काय?

नुसता उपदेश करून भागत नाही, हे वर पाहिलेच. म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही सोयीचा विचार केला. यंदा गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आणि कोजागिरीला शक्य असेल त्यांनी ताट, वाटी, पेला घरून आणावा. नसेल त्यांच्यासाठी स्टीलची भांडी भाड्याने आणू. ती धुण्यासाठी स्वयंसेवक लागतील, तेव्हा नावे द्या! पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी मोठे कॅन ठेवू. दिवाळीत चकल्या, करंज्या, शंकरपाळ्यांचे उरलेले तेल आणून ओतायला कार्यक्रमाच्या ठिकाणी झाकणाचा पिंप ठेवू आणि तो योग्य जागी पोहोचवू. हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, परवानगी मिळाली तर, मुलांना घेऊन किनारा स्वच्छ करायला जाऊ.

यात काही फार मोठे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. चारशे घरांच्या तेलाने आखात वाचणार नाही. पण आपल्यातले कितीतरी जण बंदरांत, तेलकंपन्यांत, पाणी कारखान्यांत, बांधकामांवर आणि उपाहारगृहांत काम करतात. घरात लागलेली सवय तिथे जाते. कुठे घाण टाकायची सोय नाही, हे आधी तुमच्याच लक्षात येईल. तेव्हा गप्प न राहता वरिष्ठांना सांगा.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असे आपल्याकडे म्हणतात. आपल्या पोहऱ्यात काय यावे, हे आडात काय टाकतो यावरच ठरते. आणि हा आड आपला एकट्याचा नाही, आठ देशांचा आहे. त्याचा झरा पुढे कोकणापर्यंत जातो.

जाता जाता, वर्गातल्या त्या मुलीला आम्ही खरे उत्तर सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग समुद्रात शू करायची नाही ना?" सगळा वर्ग हसला. पण मंडळी, विहिरीचा नियम तिला आपल्या आधी कळला!

आपल्या सूचना, अनुभव आणि भांडी धुण्यासाठी आपली नावे जरूर कळवा.

आपले,
संपादक मंडळ